घानाचा ढोल चालतो, जळकोटची हलगी नाही

जळकोटच्या शेवंताबाई कसबे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षीच्या नवरात्रात, दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी पावणेसात वाजता झाला. आमच्या रेडिओ केंद्रावरून त्यांचं नाव घेतलं गेलं, त्यांच्या हलगीचे तीन ठोके लोकांपर्यंत पोचले आणि चौथ्याच्या जागी भजन सुरू झालं.

संपादकांचा निरोप होता की दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, सुरुवात जरा हलकीफुलकी असू द्या. मला तसं येत नाही. मी लिहायला शिकले कॉलेजात, मुलींसाठी संध्याकाळची एसटी मागताना, पत्रकं लिहून. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधलं कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा, कारण संपादकांना हव्या होत्या त्या गमती मधेच आहेत.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी काम करते. हे केंद्र सरकारचं नाही, जाहिरातवाल्या कंपनीचंही नाही. एका संस्थेचं आहे. मनोरा बुटका, टप्पा थोडा, त्याच्या पलीकडचे लोक मोबाईलवर ऐकतात. दिवसभर सोयाबीनवरची कीड, बचत गट, लसीकरण असं चालतं. शनिवारी संध्याकाळचा अर्धा तास माझा. त्यात मी परदेशातले नवे अल्बम ऐकवते, म्हणजे एखाद्या गायकानं किंवा बँडनं नुकताच काढलेला गाण्यांचा संच. सोल, रेगे आणि आफ्रिकेतलं नाचायला लावणारं फंक, एवढंच. बाकीचं ऐकवायला जग आहे.

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली पोरगी हे कुठं शिकली? तुमची पोरं क्रिकेट जिथं शिकली तिथंच. मोबाईलवर. आणि हा प्रश्न पुण्याच्या पोरीला कुणी विचारत नाही, हेही लिहून ठेवते.

काम काय असतं? पुष्कळ ऐकायचं आणि थोडं निवडायचं. निवडलं की त्या बँडला मेल करून परवानगी मागायची, कारण आमच्याकडं द्यायला काही नसतं. बहुतेक जण हो म्हणतात. जमैकातल्या एका गायकानं उलट विचारलं होतं, तुमच्या गावाला समुद्र आहे का? मी लिहिलं, नाही, आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं. त्याचं उत्तर आलं की मग तिसरं गाणं आधी लाव. तिसरं गाणं नळावरच्या रांगेचं होतं. भांडी आपटल्याचा आवाजसुद्धा होता त्यात. ते लावलं तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या वाशीहून एका बाईंचा फोन आला, "ह्या लोकास्नी आमची गल्ली कुणी दाखवली गं?"

दुसरं काम म्हणजे निवडलेलं गाणं साध्या मोबाईलवर लावून बघायचं. माझ्याकडं चांगले हेडफोन आहेत, श्रोत्यांकडं नाहीत. रेगेची इथं पंचाईत होते. रेगेचा सगळा जीव खालच्या जाड आवाजात, बेसमध्ये असतो. तो आवाज सावकाश चालतो आणि वर गिटार ठोक्याच्या शेजारी, दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाजते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बेस गायबच होतो आणि नुसती गिटारची टिकटिक उरते. म्हणून आमच्या जिल्ह्यात रेगे खऱ्या अर्थानं कुणी ऐकत असेल तर ते ढोकीच्या बाजूला ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले. त्यांच्या सीटमागं स्पीकरचे केवढाले डबे बसवलेले असतात. त्यातल्या एकानं मला फोनवर शिकवलं, "ताई, दोन ट्रेलर भरल्याव चढाला ट्रॅक्टर जसा जातो ना, तसं ह्ये गाणं जातंय. घाई न्हाय, पण थांबतबी न्हाय. लई भारी." रेगेची याहून चांगली व्याख्या मला करता आली नाही. त्या अल्बमचं खरं नाव लांबलचक आहे. आमचे श्रोते त्याला ट्रॅक्टरवाला अल्बम म्हणतात आणि त्याच नावानं फर्माईश करतात.

तसाच एक रडकीचा अल्बम आहे. सोल गाणारी अमेरिकेतली एक तरुण पोरगी, तिचा हा पहिलाच. सोल हे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं. देवाला मारायची तशीच हाक ती माणसाला मारते. शब्द न कळताही एक आजी दर शनिवारी विचारायच्या, "त्या पोरीचं काय झालं? नांदती का आता?" मी सांगायचे, आजी, नवं गाणं आलं की कळेल. नवं गाणं आलं, त्यात ती हसली होती. मी ते मुद्दाम आजींसाठी लावलं. त्यांनी फोन करून सांगितलं, "हसती, पण खोटं हसती." मी परत ऐकलं. आजींचं बरोबर होतं असं मला वाटतं.

आता तिसरा अल्बम, ज्याच्यामुळं हे सगळं लिहावं लागतंय. घानातल्या एका बँडचा. त्यात गिटार आहे, तुताऱ्या आहेत, मधेच मात्र सगळं थांबतं आणि नुसते ढोल वाजतात. सावकाश, जड, दोन ठोके आणि एक थांबा, परत दोन ठोके आणि थांबा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि तो का आला ते कळलं नाही. मी तो तुकडा शनिवारी लावायचं ठरवलं.

माझ्या कार्यक्रमाच्या आधी आमच्याकडं 'निरोप' असतात. कुणाचं बारसं आहे, कुणाची म्हैस हरवली, कुणाचं निधन झालं, अंत्यविधी कुठं आहे. त्या शनिवारी शेवटचा निरोप असा होता: तेरखेड्याचे दगडूअण्णा घुले यांना उपचारासाठी सोलापूरला नेलं होतं, नातेवाइकांनी त्यांच्या घरी संपर्क साधावा. निरोप देणाऱ्याला एवढंच कळवायचं होतं की अण्णा बरे होऊन घरी आलेत. ते वाक्य निरोपात यायचं राहिलं. आणि माझी सवय अशी की आधी वाजवायचं, मग बोलायचं. निरोप संपला आणि त्याला लागून घानाचे ढोल सुरू झाले. सावकाश, जड. दोन ठोके आणि थांबा.

आपल्याकडं माणसाला शेवटचं नेताना हलगी कशी वाजते ते तुम्हाला माहीत आहे. मी काय सांगायचं?

भूम आणि कळंब या दोन्ही बाजूंनी जीपा निघाल्या. तेरखेडा फटाक्यांचं गाव, तिथं मोठ्या आवाजाचं कुणाला काही वाटत नाही, पण त्या संध्याकाळी बायकांनी अण्णांच्या दारात जो हंबरडा फोडला त्यानं गल्ली बाहेर आली. अण्णा बाजेवर बसून चहा पीत होते. मावसबहिणीनं गळ्यात पडायला हात पसरले आणि तशीच थबकली.

"कोण गेलं गं?" अण्णांनी विचारलं.

एक भाचा म्हणाला, "मामा, रेडिओत वाजीवलं."

अण्णा म्हणाले, "आता आलाव तर जेवून जावा. परत खरंच गेलो की कोण जेवू घालणाराय?"

सोमवारी मी माफी मागायला गेले. अण्णांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "मला मारलंस ते गाणं लाव बरं." मी मोबाईलवर लावलं. डोळे मिटून सगळं ऐकलं त्यांनी. मग मी त्यांना, आदल्या रात्रीच वाचलेलं, सांगितलं की अल्बमबरोबर बँडनं लिहिलंय, हा तुकडा त्यांच्या गावाकडं माणसाला पोचवायला जाताना वाजवतात.

"मग लोकांचं काय चुकलं?" अण्णा म्हणाले. "वाजवणाऱ्यानं मयत म्हणून वाजीवलं, ऐकणाऱ्यानं मयत म्हणून ऐकलं. माणूस तेवढा चुकीचा धरला."

या वाक्यावर मी अजून विचार करते. इतके महिने मी माइकवर समजावून सांगत होते की हे संगीत म्हणजे काय, कुठून आलं, त्याचा अर्थ काय. आणि घानाच्या ढोलाचा अर्थ तेरखेड्याला कुणी न सांगता पोचला. मी बोलायच्या आत जीपा निघालेल्या होत्या.

आमच्या समितीला मात्र यात फक्त तक्रारी दिसल्या. समिती म्हणजे केंद्र चालवणारी ज्येष्ठ मंडळी. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. सर वाईट माणूस नाहीत. रडकीचा अल्बम त्यांना मनापासून आवडतो. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "निरोपानंतर दोन मिनिटं जागा सोड." मी सोडू लागले. घानाचा अल्बम बंद झाला नाही, उलट फर्माइशी वाढल्या. लोक सरळ मयतीचा अल्बम म्हणून मागू लागले.

त्यानंतर शेवंताबाईंचा फोन आला. जळकोटहून बोलत होत्या.

"ते ढोलाचं गाणं लावता न्हवं तुमी? त्याच्यात एक हात कमी पडतुय. तो माझ्याकडं हाय."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही वाजवता?

"घरात वाजीवते. भायेर वाजीवलं तर दीर काडी हिसकावून घेतो."

ही गोष्ट नीट सांगते. शेवंताबाईंच्या नवऱ्याचा हलगीचा ताफा होता, म्हणजे चारपाच वाजवणाऱ्यांचा गट. जत्रा, मिरवणूक, मयत, बोलावतील तिथं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि त्याचा उजवा हात गेला. हाताच्या जागी शेवंताबाईंना ताफ्यात उभं राहायचं होतं. लग्न झाल्यापासून त्या त्याच्याबरोबर घरात वाजवत आल्या होत्या. ताफा आता धाकट्या दिराकडं, मारुतीकडं होता. मारुतीचं म्हणणं, बाई ताफ्यात उभी राहिली तर लोक वाजवणं ऐकणार नाहीत, बाई बघतील. वाद वाढला तेव्हा तो चिडून म्हणाला, "वयनी, लई आलंय व्हय वाजवाया? जावा मग रेडिओत वाजवून दावा. गावानं मान डोलवली तर मी स्वता तुमाला बोलवाया येतो." हे तो चारचौघांत बोलला. रेडिओवर वयनीला कोण घेणार, या भरवशावर बोलला.

मी घेतलं. नवरात्रातल्या एका सकाळी शेवंताबाई हलगी कापडात बांधून एसटीनं आल्या. हलगी आधी शेकावी लागते. कातडं सैल पडलं की आवाज बसतो, आचेवर धरलं की ताणून उठतो. आता नट फिरवून ताणायच्या फायबरच्या हलग्या आल्यात, पण शेवंताबाईंची जुनी, कातड्याची. केंद्राच्या मागच्या अंगणात त्या जाळ करायला कागद शोधू लागल्या. कपाटात माझ्या एसटीच्या आंदोलनाची उरलेली पत्रकं पडून होती. मी ती दिली.

"कागद चांगला हाय," हलगी जाळावर फिरवत त्या म्हणाल्या. "काय लिवलंय ह्याच्यात?"

"पोरींना संध्याकाळची गाडी पाहिजे असं."

"मिळाली?"

"मिळाली. मग बंद केली."

"मग जळू दे," म्हणाल्या, आणि हलगीवर बोट मारून बघितलं. ठणकन वाजली.

स्टुडिओत मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि घानाचे ढोल सोडले. दोन ठोके आणि थांबा. शेवंताबाई पहिल्या वेळी नुसत्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी त्या थांब्यात हलगी टाकली. एका हातातली जाड काडी आणि दुसऱ्या हातातली लांब बारीक. बारीक काडी थरथरत जायची आणि पुढचा ढोल पडायच्या आत बाजूला व्हायची. आमचा तंत्रज्ञ मोहसीन काचेपलीकडं बसलेला. बोलायचं नसतं हे विसरून तो बटण दाबून म्हणाला, "वा मावशी!" तो शब्द ध्वनिमुद्रणात आहे. मी कापला नाही.

नंतर हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "ही माणसं आपल्यासारखीच हायती का?"

मी म्हटलं, दिसायला?

"न्हाय. त्यास्नीबी लोक भायेर उभं करून वाजवाया लावत्यात का?"

मला माहीत नव्हतं. खोटं कशाला सांगू?

शनिवारी कार्यक्रम लागला. आधी घानाचा तुकडा पूर्ण वाजला. ते निर्विघ्न पार पडलं. मग माझा आवाज: आता याच ठोक्यावर ऐकू या जळकोटच्या शेवंताबाई कसबे यांची हलगी. एक ठोका, दोन, तीन. आणि भजन.

मी त्या वेळी जळकोटलाच होते, त्यांच्या अंगणात. कार्यक्रम ध्वनिमुद्रित होता आणि ऐकताना त्यांचं तोंड मला बघायचं होतं. अंगण भरलेलं. नवऱ्याला बाजेवर टेकवून बसवलेलं. भजन सुरू झालं तेव्हा लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. थोडा वेळ थांबले. मग मारुती उठला आणि चप्पल घालत म्हणाला, "तीन ठोक्यांत कटाळलं वाटतं रेडिओवालं." लोक हसले. शेवंताबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

मी मोहसीनला फोन लावला. तो म्हणाला, "सरांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता बंद कर. सविता, बटण मी दाबलं, पण मी नाही बंद केलं." त्याचा आवाज चांगला नव्हता.

समितीपुढं मी उभी राहिले. सरांनी शांतपणे सांगितलं, "सविता, सणाचे दिवस आहेत. हलगी वाजली की लोकांना मयत आठवतं. तेरखेड्याचा प्रकार विसरलीस?"

"सर, तेरखेड्याचा प्रकार घानाच्या ढोलानं झाला. तो तर हलगीच्या आधी पूर्ण वाजला."

"ते परदेशी संगीत आहे. त्यातलं लोकांना कळत नाही."

"कळलं नसतं तर जीपा भरून गेले असते का?"

दुसरे एक सदस्य म्हणाले, "आपण जागतिक संगीत ऐकवतो. गावातलं लोक गावात ऐकतातच की."

नवरात्रात आमच्या केंद्रावर दिवसभर संबळ वाजतो. तो गावातलाच. तो देवीपुढं वाजतो म्हणून चालतो. हलगी देवीच्या मिरवणुकीतही वाजते, पण ती वाजवणारा मंडपाबाहेर उभा असतो. त्याला कुणी खुर्ची दिलेली मी पाहिलेली नाही. समितीतल्या एकानंही जात काढली नाही, हे खरं. सगळे सणाबद्दलच बोलत होते. इतक्या सभ्यपणे बोलत होते की मला ओरडायला जागा मिळाली नाही, आणि मला तर तेवढंच येतं.

परत जळकोटला गेले तेव्हा गावातली पोरं शेवंताबाईंना 'तीन ठोके' म्हणू लागली होती. कुणाला वाटलं त्या चुकल्या, कुणाला वाटलं घाबरून थांबल्या. मी म्हटलं, मावशी, पूर्ण ध्वनिमुद्रण माझ्या मोबाईलवर आहे, अख्ख्या गावाला पाठवते. मारुती तिथंच होता. म्हणाला, "मोबाईलवर आता म्हैसबी गाणं म्हनती. काय खरं धरायचं?"

आणि शेवंताबाई त्याच्याच बाजूनं बोलल्या. "भावजी बराबर बोलत्यात. रेडिओत नाव घेतलं, रेडिओत बंद केलं. आता रेडिओतच पुरं झालं पायजे. मला चोरून न्हाय ऐकवायचं."

मी पुन्हा अर्ज केला. समितीनं विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हटलं, त्या बैठकीनं त्याच्या पुढच्या. हे मी दगडूअण्णांच्या कानावर घातलं. आता काठी धरून चालतात ते. तरी केंद्रात आले आणि सरांच्या समोर बसले. "मयत माझं झालं, आन् तक्रार तुमची व्हय?" त्यांनी विचारलं. "माझी काय तक्रार न्हाय. त्या बाईला वाजवू द्या. मी जाईन तवाबी तिलाच बोलवा म्हणून घरी सांगितलंय." सरांनी त्यांना चहा दिला. हसले. मग मला म्हणाले, "एक माणूस म्हणजे श्रोते नव्हेत, सविता. श्रोत्यांची मागणी असेल तर समिती विचार करेल."

सरांचं हे वाक्य मी धरून ठेवलं आहे.

मी आजही शनिवारी नवे अल्बम ऐकवते. परवाच सेनेगलहून एक आलाय, फार चांगला आहे. पण माइक उघडताना आता दर वेळी मनात येतं की लांबून आलेलं आपण संगीत म्हणून ऐकतो आणि शेजारच्या वस्तीतून आलं की आवाज म्हणून बंद करतो. असं असेल तर मी कशासाठी निवडते आहे? घानातही त्यांचा एखादा सर असेल. तिथल्या रेडिओवर शेवंताबाईंची हलगी जागतिक म्हणून वाजेल आणि त्यांचा ढोलवाला बाहेर उभा असेल. शेवंताबाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बँडला मेल करून विचारायचं धाडस झालं नाही.

दिवाळी झाली की समितीची बैठक आहे. हा अंक आमच्या टप्प्यातल्या घराघरांत जातो, म्हणजे तुम्हीच आमचे श्रोते आहात. अंक बाजूला ठेवून हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. बैठकीच्या आधी केंद्रावर या. लांब असाल तर शनिवारी फर्माइशींच्या वेळी फोन करा. ट्रॅक्टरवाला नको, रडकीचा नको, मयतीचा नको. एकच फर्माईश सांगा आणि हो म्हणेपर्यंत फोन ठेवू नका: शेवंताबाई कसबे यांची हलगी, चौथ्या ठोक्यापासून शेवटपर्यंत.